आधी पाणी, मग घर: उपनगर सोडून खेड्यात राहायला निघालेल्यांसाठी

खेड्यात राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात 'इथे करमेल का' हा प्रश्न पडत नाही. त्याला पडतो तो प्रश्न असा: 'मोटर चालू आहे, मग पाणी का चढत नाहीये?' मला तो तिसऱ्या दिवशी सकाळी पडला, तोंडाला साबण लावलेला असताना. टाकी रिकामी, मोटर घुमतेय, आणि फूटव्हॉल्व नावाची वस्तू असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी बसवलेली ती झडप. तिच्यात काडी अडकली की पाइपातलं पाणी खाली उतरून जातं आणि मोटर नुसती हवा ओढत बसते. वरून पाइपात दोन बादल्या पाणी ओतलं की बऱ्याचदा काम भागतं. पण ओतायला घरात दोन बादल्या पाणी असावं लागतं.

उपनगरात पाणी चढवणं, मैला वाहून नेणं, कचरा उचलणं, रस्त्यावरचा दिवा बदलणं ही कामं कोणीतरी परस्पर करत असतं. आपण बिल भरतो आणि विसरतो. गावाबाहेरच्या घरात तो 'कोणीतरी' आपणच असतो. हे एकदा डोक्यात बसलं की घर शोधायचा क्रमच बदलतो. बहुतेक जण आधी घर बघतात, मग ओसरीतून दिसणारा डोंगर बघतात, मग भाव करतात, आणि पाण्याचं विचारतात ते विसार दिल्यावर. मी इथे देतोय तो क्रम जवळपास उलटा आहे.

पायरी १: कशाला कंटाळलात ते कागदावर लिहा

'शांतता हवी' एवढं पुरेसं नाही. गर्दीचा कंटाळा, प्रवासाचा कंटाळा, घरभाड्याचा ताण, नोकरीचा वैताग, शेजाऱ्यांची कटकट या वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. रोजचा तीन तासांचा प्रवास नको असेल, तर कदाचित ऑफिसजवळचं लहान घर पुरेल. नोकरी नको असेल तर घर बदलून ती जात नाही, उलट आता ती खराब इंटरनेटवर करावी लागते.

आवाजाला कंटाळून निघाला असाल तर एक सांगून ठेवतो. खेड्यात आवाज कमी असतात, पण एकेक आवाज स्वच्छ ऐकू येतो. पहाटेचा कोंबडा, रात्री दोनला सुरू होणारा पाण्याचा पंप, हंगामात उशिरापर्यंत चालणारं मळणीयंत्र, आणि एका कुत्र्यानं सुरुवात केली की तासभर चालणारं भुंकणं. शहरातली गाड्यांची घरघर या सगळ्यावर पांघरूण घालत असते. ते पांघरूण इथे नसतं.

घरातल्या प्रत्येकानं हा कागद स्वतंत्रपणे लिहावा. मग एकत्र बसून वाचावा. एकाचं स्वप्न आणि दुसऱ्याची तडजोड असा प्रकार असेल तर तो इथेच उघडा पडलेला बरा. तडजोड करणाऱ्याच्या वाट्याला खेड्यात सहसा घरकाम येतं आणि स्वप्न बघणाऱ्याच्या वाट्याला सूर्यास्त.

पायरी २: वर्षातला सगळ्यात वाईट महिना शोधा आणि त्या महिन्यात तिथे राहा

प्रत्येक जागेचा एक वाईट महिना असतो. कुठे तो विहिरी तळाला जाण्याचा असतो, कुठे रस्ता वाहून जाण्याचा, कुठे बर्फात अडकण्याचा, कुठे शेजारच्या शेतातल्या खताच्या वासाचा. जमीन विकणारा तुम्हाला त्या महिन्यात बोलावणार नाही. घरं बघायला सगळे जातात ते हिरवळ असताना, सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता.

तुम्ही भाड्यानं घ्या. शक्यतो पूर्ण वर्ष, नाहीच जमलं तर त्या वाईट महिन्यातले किमान तीन-चार आठवडे. शहरातलं घर तोवर विकू नका, भाड्यानं देता आलं तर द्या. परतीचा दोर कापून टाकणं ऐकायला शूर वाटतं, पण दोर शाबूत असला की माणूस खेड्यातल्या अडचणींशी शांतपणे झगडतो, चडफडत नाही.

या काळात बघायच्या गोष्टी साध्या आहेत. पाऊस पडत असताना रात्री घरापर्यंत गाडी चालवून बघा. दूध, भाजी, गॅस, औषधं यांसाठी आठवड्यात किती फेऱ्या होतात ते मोजा. फोनला रेंज कुठे येते ते शोधा. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात ती मागच्या दाराच्या तिसऱ्या पायरीवर यायची, आणि त्या पायरीवर बसून मी सहा महिने मीटिंगा केल्या. आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळात स्वतःचं काय होतं ते बघा. दिवस भराभर जातो. कंटाळा येतो तो काळोख पडल्यावर.

अगदी नवख्या माणसानं शेताच्या मधोमध एकटं घर घेऊ नये असं माझं मत आहे. गावाच्या कडेला, चालत जाऊन कोणाला तरी हाक मारता येईल एवढ्या अंतरावर राहा. एकांत दोन वर्षांनी वाढवता येतो. कमी करणं जड जातं.

पायरी ३: पाणी

इथे रेंगाळणार आहे, कारण चुकीचं घर दुरुस्त करता येतं, चुकीचा रस्ता पैसे ओतून सुधारता येतो, पण जमिनीत नसलेलं पाणी आणता येत नाही.

'पाणी भरपूर आहे' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक जागी ऐकू येईल. ते खरं की खोटं हे ठरवायला एक बादली आणि घड्याळ लागतं. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर, म्हणजे तासाला १८०० लिटर. हिशेब सोपा आहे. त्यातली मेख वेळेत आहे.

बोअर म्हणजे जमिनीत उभी पुरलेली लांब नळी समजा. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटरला साधारण साडेसतरा लिटर पाणी नुसतं उभं असतं. पाण्याची उभी उंची ४० मीटर असेल तर ७०० लिटर आधीच साठलेले आहेत. मोटर सुरू केल्यावर मिनिटाला ३० लिटरनं पहिली वीस-पंचवीस मिनिटं हेच पाणी धो-धो येऊ शकतं, मागून झरा असो वा नसो. जमीन दाखवणारा दहा मिनिटं मोटर चालवून बंद करतो आणि तुम्ही फोटो काढता. म्हणून बादलीची चाचणी सुरुवातीला एकदा, तासानं एकदा आणि तीन तासांनी एकदा करा. तिसरा आकडा खरा. मोटर बंद केल्यावर पाण्याची पातळी पुन्हा वर यायला किती वेळ लागतो तेही बघा. आणि हे सगळं वाईट महिन्यात करा, पाऊस ओसरल्यावर लगेच नव्हे.

विहीर असेल तर पाण्याची पातळी जमिनीपासून किती खाली जाते ते विचारा. जमिनीवर बसवलेला ओढपंप हवेच्या दाबावर पाणी वर खेचतो. समुद्रसपाटीला त्याची तात्त्विक मर्यादा सुमारे १० मीटर असते, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे तो दम टाकतो. पातळी त्याखाली गेली तर कितीही मोठी मोटर लावा, उपयोग नाही. मोटर खाली उतरवावी लागते किंवा पाण्यात बुडणारी घ्यावी लागते.

आता गरज किती? माणशी दिवसाला १०० लिटर धरले तर चार जणांचे ४०० लिटर. हे झालं घर. पण खेड्यात आलेला प्रत्येक जण भाज्या लावतो. कोरड्या दिवसांत १०० चौरस मीटरच्या वाफ्याला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर ५०० लिटर लागतात. म्हणजे टोमॅटो आणि वांगी मिळून चार माणसांपेक्षा जास्त पितात. पाणी पुरेल का हे विचारताना हा हिशेब आपण विसरतो, आणि मग ऐन कोरड्या दिवसांत भाज्या आणि अंघोळ यांतून एक निवडावं लागतं.

छपरावरचं पाणी साठवायचं असेल तर एक सूत्र पाठ करा: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ८० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पडला की ८०० लिटर, गळती-सांडणी वजा जाता साडेसहाशेच्या आसपास हाती लागतात. हंगामातला पहिला पाऊस वाहून जाऊ द्या. छपरावरची धूळ, पानं आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच्याबरोबर जाते.

पाणी तपासून घ्यायचंच. दिसायला स्वच्छ आणि चवीला गोड या दोन्ही गोष्टींना काही अर्थ नाही. प्रयोगशाळेत जंतूंची आणि रसायनांची अशा दोन तपासण्या होतात. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जंतू अजिबात सापडता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा अशा: नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम. शेतातलं खत झिरपून नायट्रेट वाढतं आणि ते तान्ह्या बाळांना विशेष धोक्याचं असतं. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट किंवा आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचं प्रमाण किंचित वाढतं. जंतूंची तपासणी पहिल्या जोरदार पावसानंतर पुन्हा एकदा करा, कारण वरची घाण विहिरीत उतरते ती तेव्हाच.

टाकीच्या उंचीबद्दल दोन शब्द. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. एकमजली घराच्या छपरावर चार मीटरवर ठेवलेली टाकी जेमतेम ०.४ बार देते. काही गीझर आणि वॉशिंग मशीन एवढ्या दाबावर सुरूच होत नाहीत. घेण्याआधी त्यांच्या पुस्तिकेत किमान दाब किती लिहिलाय ते वाचा.

पायरी ४: वापरलेलं पाणी जातं कुठे

कोणी न विचारणारा प्रश्न. गावाबाहेर बहुधा गटार नसतं, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. हे चालायला जमिनीनं पाणी प्यायला हवं. तपासायला एक हातभर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पट्टी धरून बसा. तासाभरात दोन-अडीच सेंटीमीटरही उतरलं नाही तर ती चिकणमाती तुमचा शोषखड्डा चालू देणार नाही. उलट पाणी गायबच झालं तर तेही वाईट, कारण ते न गाळता थेट भूजलात चाललंय.

विहीर किंवा बोअर यापासून शोषखड्डा निदान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. स्वतःच्या विहिरीबरोबर शेजाऱ्याचीही धरा. त्याचा खड्डा तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर भांडणाआधी पाणी तपासा.

टाकी साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. उपसणारा टँकर घरापर्यंत पोहोचू शकेल का, हे जागा बघतानाच बघा. फाटकाची रुंदी, वळण, झाडाची खाली आलेली फांदी. ॲसिड आणि ब्लीच बदाबदा ओतू नका, टाकीतले काम करणारे जिवाणू मरतात. स्वयंपाकाचं तेल आणि ओले टिश्यू यांचं टाकीशी हाडवैर आहे.

कचऱ्याचं थोडक्यात: ओला खड्ड्यात, सुका साठवून महिन्यातून एकदा शहराकडे. प्लास्टिक जाळू नका. शेजारी जाळत असला तरी.

पायरी ५: वाट आणि कागद

जमिनीचे कायदे देशोदेशी, प्रांतोप्रांती वेगळे आहेत, त्यामुळे कागदांची नावं सांगत बसत नाही. प्रश्न मात्र सगळीकडे तेच असतात. विकणारा खरोखर मालक आहे का, आणि एकटाच आहे का? हद्दी मोजलेल्या आहेत की 'त्या आंब्यापासून त्या दगडापर्यंत' आहेत? या जमिनीवर राहायचं घर बांधता येतं का? विहिरीत कोणाकोणाचा वाटा आहे? कर्ज किंवा दावा आहे का? आणि रस्त्यापासून फाटकापर्यंत जायचा हक्क कागदावर आहे का?

शेवटच्या प्रश्नाला मी स्वतः फसलो. आमच्या जागेकडे जाणारी छान, दोन्ही बाजूंना झाडं असलेली वाट होती. विकणाऱ्यानं त्याच वाटेनं आम्हाला तीनदा आणलं. वर्षभरानं एका सकाळी वाटेच्या तोंडाशी काटेरी तार होती. जमीन शेजाऱ्याची, वाट त्यानं आजवर माणुसकी म्हणून वापरू दिलेली, आता त्याच्या मुलाला तिथे गोठा बांधायचा होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. वाट होती, हक्क नव्हता. चार महिने गाडी लांब उभी करून पाठीवर सामान वाहिलं, मग पैसे मोजून कडेची पट्टी घेतली. जागेच्या सौद्यात तीच पट्टी आधी मागितली असती तर निम्म्यात पडली असती.

वकील तुमचा तुम्ही शोधा. विकणाऱ्यानं सुचवलेला चांगला असू शकतो, पण तो विकणाऱ्याचा असतो.

पायरी ६: दवाखान्यापर्यंत घड्याळ लावून जा

नकाशावरचे किलोमीटर कामाचे नाहीत. रात्री, ओल्या रस्त्यावर, तिथल्या खड्ड्यांतून प्रत्यक्ष किती मिनिटं लागतात ते एकदा गाडी चालवून बघा. आणि तिथे पोहोचल्यावर रात्री डॉक्टर असतो का, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा रुग्ण ते घेतात का की पुढे पाठवतात, हे आत जाऊन विचारा. रक्ताची गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातला तपासणीचा वेळ वजा करा, मग उरतो तो तुमचा प्रवासाचा वेळ. घरात हृदयरोगी, गरोदर बाई किंवा डायलिसिसवरचा माणूस असेल तर ही पायरी पाण्याच्याही आधी घ्या.

कुत्रा किंवा दुसरं कुठलं जनावर चावलं तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं धुवा, मग लस घ्यायला निघा. हे धुणं म्हणजे उपचाराचाच भाग आहे, हळद लावून वेळ घालवू नका. साप चावला तर चिरणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यांतलं काही करू नका. चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा आणि प्रतिविष मिळणाऱ्या दवाखान्याकडे थेट निघा. तो दवाखाना कुठला हे साप चावण्याआधी माहीत असावं. रात्री बाहेर जाताना पायात बूट, हातात विजेरी. बूट घालण्याआधी उलटे करून झटका. घराभोवतीचं गवत आणि लाकडांचा ढीग लांब ठेवला की उंदीर कमी होतात, आणि उंदीर गेले की साप यायचं एक मोठं कारण उरत नाही.

फोनवर पत्ता सांगता येईल असं दोन ओळींचं वर्णन लिहून दारामागे चिकटवा: कुठल्या फाट्यावर वळायचं, कुठली खूण, नकाशावरचे अक्षांश-रेखांश. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा रस्ता सांगता येत नाही.

पायरी ७: वीज, इंटरनेट आणि पोटापाण्याचं

वीज येते का हा प्रश्न अपुरा आहे. किती दाबानं येते ते बघा. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी सगळे पंप सुरू झाले की व्होल्टेज कोसळतं, दिवे पिवळे पडतात आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर कण्हायला लागतो. साधं मल्टिमीटर घेऊन दुपारी आणि रात्री आकडे टिपा. अर्थिंग तपासून घ्या. ढग गडगडायला लागले की राउटरची पिन आणि केबल दोन्ही काढायची सवय लावा. एक राउटर जळाला की ती आपोआप लागते.

सौरऊर्जेबद्दल लोकांच्या कल्पना अवास्तव असतात. चांगल्या उन्हात एक किलोवॉटची पॅनेल्स दिवसाला साधारण चार युनिट देतात, ढगाळ दिवसांत त्याच्या कितीतरी कमी. साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणजे विकत घेतलेल्या क्षमतेपैकी अर्धीच वापरायची धरा. पंपाची भीती मात्र उगाच असते. ६० मीटरवरून एक हजार लिटर पाणी चढवायला पाव ते अर्धा युनिट पुरतो. मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट जास्त प्रवाह ओढते, आणि लहान इन्व्हर्टर मान टाकतो तो तिथे. युनिटचा हिशेब बरोबर असूनही पंप चालत नाही त्याचं कारण हे.

घरून काम करणार असाल तर इंटरनेटचा वेग रात्री आठला मोजा, दुपारी बाराला नव्हे. दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं ठेवा. आणि वरिष्ठांची परवानगी लेखी घ्या. 'चालेल रे, बघू' ही परवानगी साहेब बदलला की संपते.

शेतीवर घर चालेल हा विचार पहिली दोन वर्षं मनातून काढून टाका. शेती हे कसब आहे, ते पुस्तकातून येत नाही, आणि पिढ्यान्पिढ्या ते करणारे लोक आजूबाजूला काय अवस्थेत आहेत ते डोळे उघडून बघितलं तरी कळतं. चार वाफे लावा, दोन हंगाम बघा. वर्षभराचा घरखर्च आणि वर एका मोठ्या दुरुस्तीचे पैसे बाजूला असल्याशिवाय निघू नका. घरभाडं वाचतं, पण वाचलेलं पेट्रोल, टायर आणि दुरुस्त्या खाऊन टाकतात. दुसरी गाडी लागते, कारण एक गाडी बाजारात गेली की घरात राहिलेला माणूस अडकून पडतो.

पायरी ८: माणसं

शहरात शेजारी निवडता येत नाहीत पण टाळता येतात. खेड्यात तेही नाही. तुम्ही आलात हे सगळ्यांना कळलेलं असतं, जागेला किती मोजले हेही. आकडा थोडा फुगलेला असतो एवढंच.

पहिल्या आठवड्यात आजूबाजूच्या चार-पाच घरी जाऊन या. काही न्यायची गरज नाही, काही मागायचीही नाही. नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, आणि विचारा: इथे पाणी कधी कमी होतं, पूर कुठवर येतो, वारा कुठून येतो, मोटर बिघडली तर कोणाला बोलवायचं. हे प्रश्न कामाचे तर आहेतच, शिवाय त्यांतून कळतं की हा माणूस ऐकून घेतो. मोटर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर हा माझ्या फोनमधला सगळ्यात मौल्यवान नंबर आहे. त्याचे पैसे मी त्याच दिवशी देतो, घासाघीस न करता.

आल्या आल्या करू नयेत अशा दोन गोष्टी आहेत. पहिली, कुंपण. ज्या कोपऱ्यातून तुम्ही तार ओढता तिथून कोणाची तरी गुरं पाण्यावर जात असतात, शाळेची मुलं जात असतात. एक वर्ष नुसतं बघा कोण कुठून जातं. मग हद्द बंद करायचीच असेल तर आधी जाऊन बोला, फाटक कुठे ठेवायचं ते त्यांना विचारा. दुसरी, सल्ला. रासायनिक खत वाईट, प्लास्टिक वाईट, तुम्ही हे असं का करत नाही. यातलं खरं असेल तेही पहिल्या वर्षी स्वतःजवळ ठेवा.

आमच्या शेजारचे आजोबा पहिल्या पावसाआधी कुंपणापाशी उभे राहून मी खणत असलेला खड्डा बराच वेळ बघत होते. मी तिथे वडाचं रोप लावणार होतो. शेवटी म्हणाले, "अहो, वड तिथं नका लावू." मी विचारलं, का? तर म्हणाले, "तुमच्याच विहिरीचा पाइप आहे खाली. मीच पुरलाय तो." पाइप नेमका कुठून जातो हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं, कुठल्या कागदावरही नव्हतं. ते त्या आजोबांच्या डोक्यात होतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर सगळी जागा फिरलो आणि त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकली. अकरा खुंट्या झाल्या. जुना बुजवलेला खड्डा, पाणी साचायची जागा, जिथे भिंत कधीच टिकली नाही ती जागा.

मुलांचा विषय वेगळा धरा. लहान मुलं रमतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मित्र लागतात, आणि मित्राकडे जायला दरवेळी आईबापांची गाडी लागली तर तो चिडतो, योग्यच चिडतो. शाळेत नुसतं प्रवेशाचं विचारून येऊ नका. मधल्या सुट्टीत अर्धा तास फाटकाशी उभं राहून बघा.

पायरी ९: पहिल्या वर्षी घराला हात लावू नका

गळणारं छप्पर, सैल वायरिंग, तुटलेलं कुलूप हे लगेच करा. स्वयंपाकघर मोठं करणं, भिंत पाडणं, फरशी बदलणं हे वर्षभर थांबू द्या. ऊन कुठल्या खिडकीतून कधी आत येतं, पावसाची झड कुठल्या भिंतीवर बसते, थंडीत सगळे कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसतात, हे चारही ऋतू गेल्याशिवाय कळत नाही. आमच्या आधीच्या मालकांनी हौसेनं पश्चिमेला मोठी काच लावली होती. दुपारी तीननंतर त्या खोलीत मांजरसुद्धा जात नाही.

एक वही ठेवा. विहिरीची पातळी महिन्यातून एकदा, वीज गेली ते तास, टाकी किती दिवस पुरली, पहिला साप कुठे दिसला. दोन रुपये वाचवणारी नोंद कुठली ते आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्या ठेवा.

रंगही देऊ नका, कितीही मोह झाला तरी. रंगाखाली ओल लपते. पाऊस सुरू झाला की भिंतीवर ओलीची कड चढायला लागेल. दर आठवड्याला त्या कडेवर पेन्सिलनं बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पाऊस संपला की गवंड्याला बोलवा आणि काहीही न बोलता त्याला त्या रेघा दाखवा. पाणी जमिनीतून वर चढतंय, छपरातून खाली येतंय की पाइपातून झिरपतंय, हे तो रेघांची दिशा बघूनच सांगेल.